मिस्त्रीचा मेव्हणा आणि गळकं जेसीबी

कॅनॉलच्या कडेला एक गाव होतं आणि त्या गावाच्या नशिबी भैरू नावाचा एक भोळा गडी होता. मिशा पिकायला आल्या, अक्कल अजून हिरवीच. यशवंत मिस्त्रीचा तो मेव्हणा. बायकोचा भाऊ, हाकलणार कसा?

त्या दिवशी संध्याकाळी कॅनॉलला पाणी सुटणार होतं. त्याआधी गावतळ्यापर्यंत पाण्याची चारी खणली तर तळं भरणार. नाहीतर उन्हाळाभर बायकांच्या डोक्यावर हंडे. गावात जेसीबी एकच, तेही म्हातारं. त्याचा हात उचलणारा सिलिंडर तेल गाळायचा. हात वर जायचा आणि लाजल्यासारखा खाली यायचा.

मिस्त्री म्हणाला, "भैरू, सिलिंडरात दाब असतो. दाब असेल तिथं आधी दाब सोडायचा, मग हात लावायचा. ध्यानात ठेव."

"ठेवलं, दाजी."

मिस्त्रीनं सिलिंडर खोलला आणि भैरूला चाकांचा चिखल पुसायला लावलं. चाकात हवा, म्हणजे दाब. भैरूनं आधी चारही चाकांची हवा सोडली, मग फडकं घेतलं. जेसीबी मटकन खाली बसलं. एक ट्यूब चेंगरून फाटली.

"अरे बैला! आता ठिगळ लाव. जागा पॉलिश पेपरनं घास, खरबरीत कर. तेलाचा थेंब लागू देऊ नको. ध्यानात ठेव."

"ठेवलं, दाजी."

ठिगळ झकास बसलं, चाकांत हवा भरली. मिस्त्री खूश झाला, तिथंच चुकला. सिलिंडरचं नवं रबरी सील भैरूच्या हातात देऊन म्हणाला, "हे तयार ठेव." भैरूनं ते घासघासून कुत्र्यानं चावल्यासारखं केलं आणि तेलाचा थेंब लागू न देता ठेवलं.

"सील घासतात होय रे? आणि कोरडं घालतात? रबर आधी तेलात बुडवायचं!"

"मग तसं सांगायचं की!"

दुसरं सील मिस्त्रीनं स्वतः बसवलं. भैरूला म्हणाला, "तू तेवढा पंख्याचा पट्टा चढव." पट्टा रबराचा. भैरूनं तेलात बुडवून चढवला. इंजिन सुरू झालं तसा पट्टा घसरला आणि मिस्त्रीचं तोंड तेलानं माखलं.

"तुझ्या बहिणीला काय सांगू मी?"

"मी बरा आहे म्हणून सांगा."

दुपार कलता कलता जेसीबीचा हात एकदाचा वर थांबला. मिस्त्रीनं जीव खाऊन चारी खणली, कॅनॉलचा काठ फोडून तोंड मोकळं केलं. बायका ओटी घेऊन तळ्यावर उभ्याच होत्या.

"मी नारळ फोडून येतो. तू मशीनवर बस. कुठं गळताना दिसलं तर मला विचारायला येऊ नको. आधी बंद कर."

"करतो, दाजी."

भैरू सिलिंडरकडं डोळे लावून बसला. एक थेंब गळेना. तेवढ्यात पाणी आलं. कॅनॉल काठोकाठ भरला आणि काठाच्या भगदाडातून धो धो चारीत पडायला लागला.

"आरारा! एवढा मोठा कॅनॉल, आणि गळतोय!"

लिव्हर ओढायला तेवढं त्याला बघून बघून येत होतं. उकरलेला सगळा ढीग त्यानं भगदाडात लोटला. वरून बकेटनं धपाधपा ठोकला. पाणी मुकाट्यानं पुढच्या गावाला गेलं.

सगळं गाव बोंबलत पळत आलं. पुढं मिस्त्री, हातात अर्धा नारळ.

भैरू सीटवरून ओरडला, "पळू नका, दाजी! सिलिंडर ठणठणीत आहे. कॅनॉलच गळत होता, तोसुद्धा दुरुस्त केला!"