पिटीचं घुंगरू आणि निळी घरगाडी

डोंगरावर होती एक घरगाडी. निळी निळी. चाकांवरचं घर! आत पलंग, आत शेगडी, खाली पाण्याची टाकी.

गाडी होती कुंदाआत्याची. उन्हाळाभर ती गाडी फिरली. आता थंडी आली. गाडी झोपणार होती.

गाडीत राहायची पिटी उंदरी. एवढीशी! तिच्या गळ्यात घुंगरू. छुनछुन, छुनछुन!

टाकीचं झाकण होतं उघडं. पिटीनं आत डोकावलं. दोरा तुटला. बुडुक! घुंगरू टाकीत पडलं. आणि झाकण मिटलं, धप्प!

"अगं बाई!" पिटी म्हणाली. "आज बर्फ पडणार. पाणी गोठणार. माझं घुंगरू आत अडकणार! टाकी, टाकी, घुंगरू दे ना."

टाकी म्हणाली, "पाणी गेलं तर देईन."

पिटी म्हणाली, "टाकी घुंगरू देईना. पाणी, पाणी, जा ना."

पाणी म्हणालं, "बूच निघालं तर जाईन."

तुरुतुरु तुरुतुरु, पिटी गेली गाडीखाली. तिथे होतं टाकीचं बूच.

"पाणी जाईना, टाकी घुंगरू देईना. बुचा, बुचा, निघ ना."

बूच म्हणालं, "मी घट्ट बसलंय. आत्यानं फिरवलं तर निघेन."

तुरुतुरु तुरुतुरु, पिटी गेली आत्याकडे.

"बूच निघेना, पाणी जाईना, टाकी घुंगरू देईना. आत्या, आत्या, बूच फिरव ना."

आत्या म्हणाली, "हात बघ गं माझे, कसे काकडलेत! चहा प्यायले तर फिरवीन."

तुरुतुरु तुरुतुरु, पिटी गेली चहाकडे.

"आत्या फिरवेना, बूच निघेना, पाणी जाईना, टाकी घुंगरू देईना. चहा, चहा, उकळ ना."

चहा म्हणाला, "शेगडी पेटली तर उकळेन."

तुरुतुरु तुरुतुरु, पिटी गेली शेगडीकडे.

"चहा उकळेना, आत्या फिरवेना, बूच निघेना, पाणी जाईना, टाकी घुंगरू देईना. शेगडी, शेगडी, पेट ना."

शेगडी म्हणाली, "काडी लागली तर पेटेन. पण काडेपेटी पडलीय फळीमागे. आत्याचा हात काही शिरत नाही."

पिटीनं फळीमागे पाहिलं. फट होती बारीक. आत काळोख. पिटीला वाटली भीती.

मग तिनं डोळे मिटले. पोट आत घेतलं. आणि सुळकन आत शिरली! काडेपेटी धरली दातात. खर्र, खर्र, ओढली. आणली बाहेर!

"शाब्बास गं माझी बाय!" आत्या म्हणाली.

काडी लागली, चर्र!
शेगडी पेटली, भक्!
चहा उकळला, खदखद!
आत्या प्यायली, फुर्र फुर्र!
हात झाले गरम गरम. आत्यानं बूच फिरवलं, करकर करकर!
बूच निघालं, टॉक!

पाणी आलं थोडंसं. आणि थांबलं.

"थांब हं," आत्या म्हणाली. तिनं वरचा नळ उघडला. वारा आत शिरला, सूं! पाणी निघालं घळाघळा, घळाघळा. मग टप टप. मग टप... मग छुन्न!

"माझं घुंगरू!"

आत्यानं ते पुसलं. नव्या लोकरीत ओवलं. पिटीच्या गळ्यात बांधलं.

"पाणी आत गोठलं असतं, तर टाकी फुटली असती बघ," आत्या म्हणाली. "तू काडेपेटी काढलीस, म्हणून वाचली."

मग बर्फ पडला. हळू हळू. मऊ मऊ. गाडी झोपली. पिटी झोपली चिंध्यांत, गुरगुटून.

टाकी झाली रिती,
गोष्ट झाली पुरती.