मोबाईलचा हुंकार

"मग काल हुंकार कोणी दिला? माझ्या मेलेल्या आईचं नाव आलं, तरी हुंकाराचा आवाज हलला नाही."

दित्याबाबांनी विचारलं. त्यांना हल्ली नीटसं दिसत नसे. शाल्मलीने मांडीवरचा मोबाईल त्यांच्या हाताला लावला.

"यानं, बाबा. माझाच आवाज भरलाय. तुम्ही ओळ बोलून थांबलात की 'हं' म्हणतो, कुणी बोललंच नाही तर गप्प राहतो. मग मला लिहायला सवड मिळते."

माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठातल्या तिच्या विभागात ही युक्ती आजवर कुणालाच सुचली नव्हती. तिला त्याचा अभिमान होता.

बाबा चुलीतली राख काडीने सारखी करत राहिले...

मेलेल्याला डोंगरापलीकडे पोचवणारी वाट सातपुड्यातल्या त्या पाड्यावर एकट्या बाबांना तोंडपाठ होती. प्रत्येक मेलेल्याला ती ऐकवायची; पण जित्या माणसाला मात्र आयुष्यात एकदाच, एकालाच सांगायची. ऐकणाऱ्याने ओळीओळीला हुंकार द्यायचा, म्हणजे वाट त्याच्याकडे जाते. बाबांचा मुलगा सुरतेहून परतलाच नाही. म्हणून वर्षभर मागे लागलेल्या शाल्मलीला ती मिळाली होती.

"सगळं वहीत उतरलंय," ती म्हणाली. "एक ओळ सुटली नाही."

"वहीनं हुंकार दिला का गं?"

"नाही."

"मग वाट कुणाकडे गेली?"

शाल्मलीने मोबाईलकडे पाहिलं.

"बाबा, पुन्हा सांगा ना. आता मी देते हुंकार."

"काय सांगू? आता ती माझ्याजवळ नाही."

"पण मग... तुम्ही गेल्यावर तुम्हाला वाट कोण सांगणार?"

"आली का आठवण माझी?" बाबा हसले. "लाव त्याला. काल लावला होतास तसा."

तिने मोबाईल चालू करून दोघांच्या मध्ये, सारवलेल्या जमिनीवर ठेवला.

बाबांनी ओठ मिटले. ती श्वास धरून बसली. बाहेर ऊन होतं. अंगणात उकरणारी कोंबडीही थांबली.

"हं," मोबाईल म्हणाला. तिच्याच आवाजात.

...

"हं."

बंद करायला तिने हात पुढे केला. बाबांनी मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती.

...

"हं." या खेपेला जरा हळू. काहीतरी वाईट ऐकल्यावर माणूस म्हणतो तसं.

बाबांनी मान कलती केली.

"मी तर गप्प आहे, पोरी. मग त्याला सांगतंय कोण?"