महाराजांची लाट पालथी कोण घालतो?

“पालथी! पुन्हा पालथीच आली!” प्रचंडराव महाराज असे ओरडले, की तालमीतली सगळी कबुतरं उडाली.

झालं होतं असं. हैबती दोरवळ्याने रस्सीखेचीसाठी नवा लांबलचक दोर वळून आणला होता. त्याचं एक टोक त्याने मल्लखांबाला आवळून बांधलं आणि दुसरं महाराजांच्या हाती दिलं. महाराजांनी गंमत म्हणून दोराला वर हिसका दिला. बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा दोरावर उठला, धावत खांबापर्यंत गेला आणि परत आला तो खड्डा होऊन!

“मी डोकं वर करून पाठवतो, आणि हा खाली डोकं घालून येतो? जो कोणी माझी लाट पालथी घालतो, तो आज सूर्य मावळायच्या आत राज्याबाहेर! हैबती, दोर तुझा, गाठ तुझी. चालायला लाग!”

या वयात गाव सोडून हैबती कुठे जाणार?

सेनापती पुढे आले. “गाठ सैल असणार, महाराज!” त्यांनी दोर ताणून वर सात गाठी मारल्या. लाट परत आली. पालथीच, आणि आधीपेक्षा लवकर!

दिवाणजी हळूच म्हणाले, “महाराजांनी खाली हिसका दिला, तर लाट वर होऊन येईल.”

“मी खाली हिसका देऊ? मी? दिवाणजी, घरी जाऊन झोपा!”

तेवढ्यात हैबतीची लेक सारजा म्हणाली, “महाराज, वर हिसका दिलेली लाट वरच आणून दाखवली, तर माझ्या बाला सोडाल?”

“सोडीन! पण दोर हाच, खांब हाच. दोर खांबाला जोडलेलाच हवा. आणि मधे कुणी हात लावायचा नाही!”

“बा, एक वेत दे रे.”

सारजाने गाठी सोडल्या. खांबाभोवती वेत वाकवून ऐसपैस कडं केलं आणि दोराचं टोक त्या कड्याला बांधलं. मग खांबाला एरंडेल चोपडलं, इतकं की कडं नुसत्या बोटाने वरखाली घसरू लागलं.

“द्या हिसका, महाराज!”

उंचवटा धावला. खांबाशी पोचताच कडं सर्रकन वर उडालं, खाली आलं, आणि उंचवटा उंचवटाच होऊन परत निघाला!

“वर आली! अरे, वर आली!” महाराज आनंदाने नाचायचेच बाकी होते. इतक्यात लाट त्यांच्या घट्ट आवळलेल्या मुठीवर आदळली आणि पुन्हा खांबाकडे निघाली. पालथी!

महाराजांचे डोळे मोठे झाले. “आता कुणी पालथी घातली?”

सेनापती छताकडे बघू लागले. दिवाणजींना खोकला आला.

“बाने तर नाही घातली,” सारजा म्हणाली. “तो बिचारा कोपऱ्यात उभा आहे.”

“मग कुणी?”

“गाठीला जागचं हलता येत नव्हतं. दोर तिला वर उचलायला जायचा, ती त्याला खाली ओढायची. कड्याला वर उठता आलं, म्हणून लाट होती तशी परत आली. आता न हलणारं असं इथे एकच उरलंय, महाराज. तुमची मूठ!”

महाराजांनी मुठीकडे पाहिलं.

“सूर्य मावळायला अजून दोन घटका आहेत,” सारजा हात जोडून म्हणाली. “हद्दीपर्यंत आमची बैलगाडी जुंपू का?”

आधी महाराजांचं पोट हललं, मग खांदे, मग मिशा. आणि ते असे खदखदून हसले, की हातातल्या दोरावर उंचवटे आणि खड्डे एकमेकांत मिसळून धावू लागले!

“हुकूम रद्द! रद्द! नाहीतर राणीसाहेबांना माझी शिदोरी बांधावी लागेल!” त्यांनी डोळे पुसले. “हैबती, तालमीमागची ती लांब सरळ जागा दोर वळायला कायमची तुझी. आणि सारजे, गोठ्यातली तुला आवडेल ती बैलजोडी घेऊन जा. पण मला हद्दीवर सोडायला मात्र जुंपू नकोस हं!”