खाडा

“माई, तुम्ही पाय का मागे घेतले?”

श्रीरंग नमस्काराला वाकला होता, तो तसाच अर्धवट थांबला.

गोदामाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले होते. करंजखोऱ्यातल्या त्या लहानशा मठात आलेल्या कुणालाही त्यांनी आजवर नमस्कार नाकारला नव्हता.

“आज नको. तिकडं, ओसरीच्या कडेला बस.”

श्रीरंग त्यांचा शिष्य. मठाच्या शाळेत मुलांना शिकवायचा. हुशार, मेहनती, आणि आपल्या शिस्तीचा त्याला भारी अभिमान. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्या मुलाच्या छातीवर तो स्वतःच्या हातानं पितळी बिल्ला लावायचा.

“माझं काही चुकलं का?”

“ताप आहे ना तुला?”

“आहे थोडा. परवापासून.” त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, “पण वर्ग चुकवला नाही, माई. सेवेत खाडा पडू दिला नाही.”

माई त्याच्याकडे बघत राहिल्या.

“मुलं कशी आहेत?”

“बरीचशी खोकतायत. फ्लूची साथच आहे. पण येतात हो! रेवती तर काल तापानं फणफणली होती. बाकावर डोकं टेकून बसली, पण घरी गेली नाही. बिल्ला जाईल म्हणून.”

त्याच्या आवाजात कौतुक होतं.

“तिच्या शेजारी कोण बसतं?”

“दिगंबर.”

“दिगंबरच्या घरी कोण कोण आहे?”

“आई, वडील... आणि बाळ. अजून बारसं व्हायचंय त्याचं.”

“आणि रेवतीच्या घरी?”

“आजोबा असतात.”

“त्यांना आज सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. श्वास घेता येत नव्हता.”

“माझ्यामुळंच झालं असं कशावरून, माई? साथ तर सगळीकडं आहे.”

“खरं आहे. कुणामुळं झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही.”

श्रीरंगनं मान खाली घातली. माई रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

मग तो एकदम उठला. “मी दवाखान्यात जातो. आजोबांजवळ बसतो.”

“खाली बस.”

“निदान दिगंबरच्या घरी तरी... ते बाळ...”

“बस, बाळा.”

“मग मी काहीच करू नको?”

“पडून राहा,” माई म्हणाल्या. “आज सेवा तेवढीच आहे.”

मठाच्या मागच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं. खिडक्या उघड्या ठेवल्या. त्याचं ताट, तांब्या, पंचा वेगळा केला. माई नाकातोंडावर पदर घट्ट बांधून पेज आणायच्या, उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मागे होऊन अंगणात बसायच्या. तिथूनच बोलायच्या.

एकदा ताप फार चढला. श्रीरंग ग्लानीत पुटपुटला, “माई, कपाळावर हात ठेवा ना...”

माई उठल्या. उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

“इथं आहे मी,” त्या म्हणाल्या. “डोळे मीट. जात नाही कुठं.”

त्याला झोप लागेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.

त्याच आठवड्यात माईंचा निरोप घेऊन आरोग्यसेविका घरोघरी फिरली. ताप आलेलं मूल शाळेत पाठवू नका. खोकताना तोंड कोपरात घ्या. बाहेरून आलात की साबणानं हात धुवा. तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना आजाऱ्यापासून जरा लांब ठेवा.

दिगंबरच्या घरचं बाळ साथीतून सुटलं. रेवतीचे आजोबा घरी परतले, पण पार वाळून गेले होते. काठी धरून अंगणात यायचे आणि दोन पावलांत दमायचे.

श्रीरंगचा ताप गेला. अंगात बळ आल्यावर तो शाळेत गेला. सगळ्यात आधी त्यानं उरलेले बिल्ले काढून कपाटात टाकले.

“यापुढं बिल्ला नाही,” तो मुलांना म्हणाला. “ताप आला की घरी झोपायचं. अगदी बरं वाटलं की मगच यायचं.”

रेवती हळूच उभी राहिली. गाल अजून बसलेले होते.

“गुरुजी, मी लई खाडे केले. तुम्ही रागावणार?”

श्रीरंग तिच्या बाकाजवळ गेला.

“नाही गं,” तो म्हणाला. “तू फार चांगलं केलंस. आजोबांना सांग, मी संध्याकाळी येतो.”

आजोबांना भेटून तो मठात आला. माई तुळशीला पाणी घालत होत्या. तो ओसरीवर बसला.

“माई, आज अर्धा वर्ग रिकामा होता.”

“वाईट वाटलं?”

“नाही...” तो थांबला. “एकेका रिकाम्या जागेकडं बघत होतो. वाटलं, हे पोर आता घरी निजलं असेल. त्याच्या आईनं पांघरूण घातलं असेल... बरं वाटलं.”

माईंनी तांब्या खाली ठेवला.

“म्हणजे आज तुझी शाळा भरली.”