तारप्याची नजर

एकदा एक बँड होता. हो, बँडच. दृष्टांतात दर वेळी साधू आणि व्यापारीच का असावेत? चार वारली पोरं, जव्हारच्या पुढच्या एका पाड्यातली. गिटार, ड्रम, कीबोर्ड, आणि मधोमध कल्पेशचा तारपा. तारपा म्हणजे सुकवलेल्या भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य, एकदा फुंकायला घेतलं की श्वास तुटू द्यायचा नाही. कल्पेश ते चैत्याबाबांकडून शिकला होता. पाड्यातले सगळ्यात जुने तारपेवाले तेच.

शहरात या पोरांनी नुसती धमाल उडवली होती. पण पाड्यात? भातकापणी झाल्यावर त्यांनी तिथे हौसेनं स्टेज बांधलं. लोक आले, खुर्च्यांवर बसले आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. जिथे तारपा ऐकू आला की चुलीपुढची बाई हात पुसत नाचात शिरते, तिथे टाळ्या. कल्पेशची आई म्हणाली, "छान वाजवता रे," आणि पाहुण्याला विचारावं तसं, "चहा घेणार?"

तो चहा त्यानं तसाच ठेवला. बाहेर सगळे आपले, आणि आपल्याच अंगणात आपण पाहुणे, हे कुणाला सांगणार? तो चैत्याबाबांकडे गेला.

"बाबा, एक पाय हलला नाही. सूर तर तुमचाच आहे. माझं चुकतंय कुठं?"

"उद्या परत वाजव. मी येतो."

"या ना. वर, माझ्याशेजारी बसा."

"वर नको. मी नाचायला येतो."

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तसा बँड सुरू झाला. बाबा मैदानात एकटेच उतरले. एक पाय ओढत, अगदी सावकाश. ताल पुढे पळाला, बाबा मागेच. नाचात एरवी सगळे वळतात तिथे सरळ गेले, सरळ जायचं तिथे वळले. खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला आज लवकर चढली वाटतं." पोरंटोरं हसली. गाणं संपलं तरी बाबा आपले फिरतच होते.

कल्पेश तणतणत खाली आला. "माझं हसं केलंत, बाबा. सगळ्यांसमोर. ताल सोडून नाचलात, आणि मुद्दाम."

बाबा धापा टाकत जमिनीवर बसले. "माझा कुठला पाय दुखत होता?"

कल्पेशनं स्टेजवरच्या दिव्यांकडे बोट दाखवलं. "डोळ्यांवर लाइट होता."

"आणि कानात काय होतं?"

"मशीनचा ताल. आम्ही चौघं एकत्र राहावं म्हणून."

"राहिलात की, चौघं." बाबांनी दम घेतला. "नाचणारा तारप्याला पाठ दाखवत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तारपाही नाचणाऱ्याला पाठ दाखवत नाही, पोरा. तू पोटात होतास तेव्हा तुझी आई नाचाला यायची. तिचं पाऊल जड पडलं की मी सूर ओढून धरायचो. बाकी कुणाला पत्ता नसायचा, तिला असायचा. गिटार वाजव, ड्रम वाजव, माझं काही म्हणणं नाही. पण तुझं गाणं घरूनच पुरं होऊन येतं. त्यात आम्ही पाऊल कुठं ठेवायचं? म्हणून तू वर एकटा, आणि मी खाली एकटा."

कल्पेशनं कानातला इअरफोन काढून खिशात टाकला, लाइट बंद करायला लावला आणि पोरांना खाली बोलावलं.

"ताल सुटेल रे," ड्रमवाला म्हणाला.

"सुटू दे. बाबांच्या पायाकडे बघ."

बाबा परत उठले. डावा पाय होता, आता स्पष्ट दिसत होतं. गिटार अडखळली, ड्रम भलतीकडेच पडला, गाण्याची पार वाट लागली. लोक तर केव्हाच उठून चालले होते, खुर्च्या एकात एक रचल्या जात होत्या.

एकटी आई थांबली होती. तिनं पदराला हात पुसले, पुढे आली आणि बाबांच्या कमरेला हात घालून चालायला लागली. दोघांचीच ती ओळ मैदानात इवलीशी दिसत होती.

कल्पेश तिच्या पावलांकडे बघत होता. आईचा गुडघा दुखतो. केव्हापासून, कोण जाणे.

त्यानं गाल फुगवले आणि सूर ओढून धरला.