त्रेसष्ट फुटांचा कागद

एका नदीकाठच्या गावात सुबराव नावाचा एक भोळा गडी होता. अंगाने रेडा, मनाने वासरू. त्याला काही सांगितलं की तो ते पाळायचा. अगदी तेवढंच पाळायचा, आणि नको तिथे पाळायचा. सांगणारा कपाळावर हात मारायचा. मग सुबराव म्हणायचा, तुम्हीच तर सांगितलं होतं. आणि ते खरंच असायचं, हीच तर पंचाईत.

गावाला होड्यांच्या शर्यतीचं भारी वेड. दर श्रावणात संगमावर शर्यत व्हायची आणि गेली सात वर्षं मानाचं निशाण पलीकडच्या काठाचे लोक घेऊन जायचे. आपल्या होडीचे म्होरके ज्योतीतात्या. निशाण गावात येईपर्यंत पायात चपला घालणार नाही, असं ते पहिल्या वर्षी चारचौघांत बोलून बसले. झालं. सात वर्षं अनवाणी. उन्हाळ्यात डांबरी रस्ता आला की तात्या चालत नसत, उड्या मारत जात. यंदा मात्र गावाने नवी होडी बांधली होती. हलकी, निमुळती, पंचेचाळीस फुटांची. आणि मागच्या वल्ह्यावर सुबराव, म्हणजे चार माणसांचं बळ एकाच जागी. यंदा तात्यांच्या पायात चपला येणार, असं पोरंसोरंही म्हणत होती. तात्यांनी तर त्या आणूनच ठेवल्या होत्या.

अडचण एकच होती. मधे बंधारा. होडी पाण्यातून संगमाला जाणार नव्हती. म्हणून ट्रॅक्टरमागे लांब गाडा जोडायचा आणि त्यावरून होडी न्यायची असं ठरलं. तात्या वाहतुकीच्या ऑफिसात गेले. साहेबांनी सांगितलं, ट्रॅक्टरच्या नाकापासून होडीच्या शेपटापर्यंत साठ फुटांच्या आत भरत असेल तर खुशाल न्या. तात्यांनी मोजलं होतं, त्रेसष्ट भरत होतं. मग परवानगीचा कागद लागेल, साहेब म्हणाले. तात्यांनी सांगून बघितलं, की ही भाड्याची नव्हे, गावाची होडी आहे, हौसेची आहे. साहेब म्हणाले, हौसेची असली तरी फूट तेवढेच भरतात. आणि मागे जे बाहेर येतं त्याला लाल फडकं बांधा.

तात्यांनी गावात येऊन सुबरावला लाल फडकी दिली. म्हणाले, मी उद्या कागद आणायला जातो. जे जे मागं बाहेर आलेलं दिसेल, त्याला फडकं बांधून ठेव.

दुसऱ्या दिवशी सुबरावने होडीच्या शेपटाला फडकं बांधलं. छान बांधलं. परत येताना तात्यांच्या अंगणात बघतो तर तात्यांचे वडील केरबाआबा बाजेवर झोपलेले. बाज आखूड, आबा लांब. पाय वीतभर बाहेर. सुबरावजवळ फडकं उरलेलं एकच. त्याने दोन्ही अंगठे जवळ घेतले आणि एकाच फडक्यात घट्ट बांधले.

आता अंगठे बांधलेलं माणूस बघून लोक काय समजणार? शेजारच्या हौसाकाकूंनी हंबरडा फोडला. आळी जमली. दोघंजण बांबू आणायला गेले. रडारड ऐकून आबा उठून बसले आणि विचारू लागले, कोण गेलं? हौसाकाकू हुंदके देत म्हणाल्या, "आबा, तुम्हीच."

तात्या कागद घेऊन आले तर दारात बांबू आणि आबांच्या अंगठ्यांना लाल फडकं. जे समजायचं ते समजून त्यांनी सुबरावला समोर उभा केला आणि बजावलं, की आधी विचारायचं. विचारल्याशिवाय कशाला म्हणून हात लावायचा नाही. सुबराव म्हणाला, बरं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तात्या एकटेच गाड्याला दोर आवळत होते. चाकाखालचा दगड निसटला आणि होडीसकट गाडा उताराला लागला. तात्यांनी पाठ लावली. डोळे बाहेर आले, दात आवळले, तोंडातून शब्द फुटेना. समोर सुबराव.

"तात्या, हात लावू का?" सुबरावने विचारलं.

सुबरावने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत गाडा तात्यांना घेऊन उकिरड्यात गेला. होडीला ओरखडा नाही, ही देवाची कृपा. तात्या मात्र गळ्यापर्यंत शेणात. तिथूनच त्यांनी सांगितलं, की गाडा चालू लागला की विचारत बसायचं नसतं, गाढवा. सुबराव म्हणाला, बरं.

शर्यतीच्या सकाळी सुबराव ट्रॅक्टरवर बसला. तात्या मडगार्डवर, कागद खिशात, बाकीचे गडी मागून जीपमधून. वाटेत नाका लागला. रस्त्यावर आडवी दोरी, दोरीचं टोक हवालदाराच्या खुर्चीला, हवालदाराचा हात वर. तात्या ओरडले, थांब. पण गाडा तर चालू होता, आणि आता विचारत बसायचं नव्हतं. दोरी ट्रॅक्टरच्या नाकात अडकली, खुर्ची मागोमाग आली, खुर्चीमागोमाग हवालदार पळत आला. फर्लांगभर गेल्यावर तात्यांनीच चावी फिरवली.

हवालदाराने धापा टाकत टेप काढली. त्रेसष्ट. कागदावरही त्रेसष्ट. कागद चोख होता म्हणून सुटले, नाहीतर होडी तिथेच राहिली असती. पण जाऊ देण्याआधी त्याने सुबरावचा कान धरला आणि त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं: दोरी दिसली की थांबायचं. कागद दाखवल्याशिवाय दोरीपुढं तसूभर जायचं नाही. तात्या म्हणाले, बाबा रे, एवढं तरी जन्मभर ध्यानात ठेव. सुबराव म्हणाला, बरं.

संगमावर ही गर्दी. होडी पाण्यात उतरली तेव्हा तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बार उडाला. आठ वल्ही एकदम पडली, पण खरी होडी हाणली ती सुबरावने. एकेका दणक्याला पलीकडचे मागे पडू लागले. आधी हातभर, मग अर्धी होडी, मग अख्खी होडी. तात्या पुढच्या टोकाला उभे राहून ठेका देत होते आणि रडत होते आणि हसतही होते. घाटापाशी पाण्यावर झेंडूची दोरी ताणलेली होती. जी होडी ती पहिली तोडेल, तिचं निशाण.

सुबरावने दोरी बघितली.

त्याने वल्हं उभं धरलं आणि चार माणसांच्या बळाने नदीच्या तळात खुपसलं. होडी जागच्या जागी उभी राहिली. बाकीचे सातही गडी एकमेकांवर कोसळले, तात्या पालथे पडले. दोरी हातभर पुढे होती.

"तात्या," सुबराव म्हणाला, "कागद काढा बिगीनं. दोरी आली."

तात्यांना उठायला येईना. तेवढ्यात पलीकडची होडी शेजारून सरकन गेली आणि दोरी तोडून पुढे निघाली. काठावरचे लोक कमरेइतक्या पाण्यात धावले. त्यांनी त्या जिंकलेल्या होडीतल्या एकेकाला धरलं, खांद्यावर घेतलं आणि वाजतगाजत घेऊन चालले.

सुबरावने कपाळावरचा घाम पुसला आणि तात्यांना हाताला धरून बसवलं.

"बघा तात्या. बिनकागदाचं गेलं, धरलं का न्हाई समद्यास्नी? थोडक्यात वाचलो आपण."