पाचवा दोर

फार पूर्वी एका नदीकाठी पाच गावं होती. पाचांचा मिळून एक बांध होता आणि त्याच्या जड लाकडी दाराला पाच दोर, प्रत्येक गावाचा एक. सगळ्यांनी मिळून ओढलं की दार उचललं जाई. पाणी आधी कुणाला, यावर कडाक्याची भांडणं होत, पण पाणी सगळ्यांना मिळे.

सर्वांत लहान गावाचा दोर एका नावाडिणीकडे असे. दर वर्षी घराघरांतून अंबाडीचा एकेक पेड येई आणि त्यांचा ती नवा दोर वळी.

एके वर्षी वरच्या गावाला नवा कारभारी आला. उंचापुरा, बोलण्यात पटाईत. तो म्हणाला, "ही भांडणं कशाला? दोर माझ्याकडे द्या. मी एकटा सगळ्यांचं बघतो."

भांडणांना कंटाळलेल्या तीन गावांनी आनंदाने दोर देऊन टाकले.

नावाडीण म्हणाली, "कारभारी, हा दोर माझा नाही. यात प्रत्येक घराचा पेड आहे. घरोघरी जाऊन विचारा."

"मूठभर घरांचं गाव आणि तोरा बघा," कारभारी हसला. पाचव्या जागी त्याने साखळी लावली, बैल जुंपून दार उघडलं आणि लहान गावाचा पाट बुजवला.

पिकांनी माना टाकल्या. नावाडिणीची मिरचीही वाळू लागली.

"देऊन टाकूया का गं?" शेजारीण म्हणाली.

"आज दिला तर पाणी मिळेल. पण उद्या मागायचं कशाच्या बळावर?"

मग सगळं गाव घागरींनी नदीचं पाणी वाहू लागलं. अंबाडीचा वाफाही त्यांनी जगवला.

पुढच्या उन्हाळ्यात कारभारी फक्त पुढे पुढे करणाऱ्यांनाच पाणी देऊ लागला. लोक दोर परत मागायला गेले, तर ते त्याने केव्हाच जाळून त्यांच्या जागीही साखळ्या लावल्या होत्या. अंबाडी लावणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं.

माणसं मान खाली घालून नावाडिणीच्या दारी आली. वरच्या गावचीही आली.

"या, बसा," ती म्हणाली. "अंबाडी आमची, हात तुमचे लावा."

पाच नवे दोर घेऊन सगळे बांधावर गेले.

"अडव यांना," कारभारी बांधावरच्या पहारेकऱ्यावर ओरडला.

पहारेकरी जागचा हलला नाही. समोर दोर धरून त्याची आईच उभी होती.

साखळ्या निघाल्या, दोर ताणले, दार वर गेलं. लहान गावाच्या मोकळ्या केलेल्या पाटात पाणी खळखळलं आणि पाणी आधी कुणाला, यावर तिथेच भांडण जुंपलं.

नावाडीण ताठ मानेने हसली. "भांडा खुशाल," ती म्हणाली, "पण दोर सोडू नका."

तात्पर्य: भांडणांचा कंटाळा आला म्हणून आपला हक्क कुणा एकाच्या हाती देऊ नये. एका लहान गावाने तो जपला, तरी सगळ्यांना पुन्हा मान वर करता येते.